अभावाचा पत्ता

विजापूर रोडने आलेली एस.टी. सोलापुरात सात रस्त्याला थांबली, की आधी आजाऱ्याबरोबरचा माणूस उतरतो. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते. तीत एक्स-रेचं पाकीट, जुन्या चिठ्ठ्या आणि फडक्यात बांधलेली भाकरी. मग तो हात देऊन आजाऱ्याला उतरवून घेतो. दोघं चौकाकडे बघत क्षणभर उभे राहतात आणि पहिलं मेडिकल दिसेल तिथं येऊन विचारतात, “हे डॉक्टर कुठं बसतेत हो?”

सात रस्त्याला माझं मेडिकल दुकान 1988 पासून आहे. इतक्या वर्षांत औषधं विकली त्याहून जास्त पत्ते सांगितले असतील. इथून रेल्वे लाइन्सकडे वळलं की दवाखान्यांच्या पाट्या सुरू होतात. हाडांचे, हृदयाचे, मेंदूचे, मूत्रपिंडाचे, नवजात बाळांचे. एका संध्याकाळी चालत जाऊन मी पाट्या मोजायला लागलो होतो. थोड्या वेळानं मोजणं सोडून दिलं. इथं उभं राहून देशात डॉक्टर कमी आहेत असं कुणी म्हणालं, तर शाळकरी पोरगाही बोटानं पाट्या दाखवील. आणि तरी समोरच्या बाकावर टेकलेला तो भाकरीवाला माणूस पन्नास किलोमीटर लांबून फक्त रक्तदाब मोजून घ्यायला आलेला असतो.

मग खरं काय? देशात डॉक्टर कमी आहेत, की नाहीत?

सरकारी उत्तर आकड्यात आहे. जून 2022 पर्यंत देशात 13,08,009 ॲलोपॅथिक डॉक्टरांची नोंदणी झालेली होती. त्यातले 80 टक्के प्रत्यक्ष काम करतात असं धरायचं, आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचे 5.65 लाख मिळवायचे, की दर 834 माणसांमागे एक डॉक्टर येतो. हजारामागे एक असावा असं मानलं, तर आपण परीक्षा पास झालो. स्वातंत्र्याच्या आधी, 1946 मध्ये भोर समितीनं अहवाल दिला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे 47 हजार डॉक्टर होते आणि सहा हजारांहून जास्त माणसांमागे एक पडत होता. तिथून इथवर येणं ही मोठी मजल आहे. ती नाकारायची माझी इच्छा नाही.

पण हा आकडा ऐकला की मला वडील आठवतात आणि त्यांनी शिकवलेला एक धडा. माझ्या मते प्रश्नाचं उत्तर त्या धड्यात आहे.

वडील हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. मी नववीत असताना त्यांनी मला घरी अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ शिकवायला घेतला. त्यात जगातल्या सगळ्या गोष्टी सात पदार्थांत बसवल्या आहेत: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि अभाव. मला क्रम पाठ होईना. तेव्हा एका रविवारी वडील मला सायकलवर पुढं बसवून या चौकात घेऊन आले आणि त्यांनी एकेका रस्त्याला एकेक पदार्थ वाटून दिला. विजापूर रोडच्या वाट्याला सातवा आला. “हा अभाव,” ते म्हणाले, “आणि हाही पदार्थच. नसणं हीसुद्धा जगातली एक वस्तू आहे.”

तेव्हा मला ते कोड्यासारखं वाटलं. जे नाही ते ‘आहे’ कसं? शास्त्रकारांनाही ते सहज पटलेलं नसावं, कारण वैशेषिकांची जुनी यादी सहा पदार्थांची होती, अभाव तिच्यात मागाहून येऊन बसला. पण एकदा पदार्थ मानल्यावर नैयायिकांनी त्याला कडक नियम लावले. नुसतं ‘नाही’ म्हणता येत नाही. काय नाही ते सांगावं लागतं, त्याला प्रतियोगी म्हणतात. आणि कुठं नाही ते सांगावं लागतं, ते अधिकरण. शाळेतलं उदाहरण घड्याचं: जमिनीवर घडा नाही. घडा प्रतियोगी, जमीन अधिकरण. वडील वही तपासताना अधिकरण लिहायचं राहिलं की लाल रेघ मारत. “कुठं ते लिही. जागा नसलेला अभाव म्हणजे नुसता शब्द.”

‘देशात डॉक्टर कमी आहेत’ या वाक्याखाली मला ती लाल रेघ दिसते. ‘देशात डॉक्टर पुरेसे आहेत’ या वाक्याखालीही तीच. देश हे अधिकरण इतकं मोठं आहे, की त्यात कुणी आजारी पडत नाही. माणूस आजारी पडतो तो वस्तीवर, उसाच्या फडात, मोलमजुरीच्या गावी, रात्री अडीच वाजता.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. 1996 च्या ऑगस्टमध्ये कळलं. माझी थोरली बहीण, अक्का, दक्षिण सोलापुरातल्या भीमेकाठच्या गावी दिलेली. शेतीला लाईट रात्रीची असायची, म्हणून दाजी रात्री अकराला उसाला पाणी धरायला गेले. बारा वाजता परत आले ते पाय धरूनच. नाग होता. गावातल्या पोरांनी बॅटरीच्या उजेडात बघितला होता. बैलगाडी जुंपून त्यांना जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं सिस्टर जागी होती. सापाचं इंजेक्शन फ्रीजमध्ये होतं, तेही भरपूर. पण ते द्यायला डॉक्टर लागतो, दिल्यावर अंगावर रिॲक्शन उठली तर सांभाळायलाही डॉक्टर लागतो, आणि डॉक्टरांच्या क्वार्टरला कुलूप होतं. सिस्टर रडत होती, असं अक्का सांगते. तिनं सलाईन लावलं, धीर दिला आणि जीप मिळवून दिली. वाटेत दाजींच्या पापण्या मिटायला लागल्या. मग त्यांना थुंकी गिळता येईना. पहाटे अडीचला जीप सात रस्त्याला आली आणि ड्रायव्हरनं माझं शटर वाजवलं, कारण पुढं कुठं जायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. मी वरच्या खोलीतून खाली धावलो. पाच मिनिटांच्या वाटेवर पाच ठिकाणी डॉक्टर होते. दाजींचा श्वास चौकातच थांबला होता.

त्या रात्री देशात लाखो डॉक्टर होते. या चौकाच्या आसपासच कितीतरी होते. अभाव एकाच जागी होता, एका कुलपाच्या आत.

दिवस झाल्यावर वडील माझ्याशी फार बोलले नाहीत. पंधराएक दिवसांनी ते चरकसंहितेचं पुस्तक घेऊन दुकानात आले. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, सेवा करणारा आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण. चारही पाय असतील तर चिकित्सा उभी राहते. पण चौघांत वैद्य मुख्य का, हे सांगताना चरक कुंभाराचा दृष्टांत देतो. माती आहे, चाक आहे, दांडा आहे, दोरा आहे. कुंभार नाही तर मडकं होत नाही. “दाजींच्या वेळी माती होती, चाक होतं,” वडील म्हणाले आणि पुस्तक मिटून गप्प बसले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नाही. त्या दिवशी मात्र चष्मा काढून ते बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले.

अनेक वर्षं माझी समजूत तेवढीच होती: कुंभार पळाला, म्हणून घडा फुटला. गावाला न राहणाऱ्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात राग होता, आणि तो न्याय्य आहे असं मला वाटायचं. तो राग माझ्या भाचीनं उतरवला.

दाजी गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. डॉक्टर व्हायचं तिनं त्याच वर्षी ठरवलं. झालीही. एम.बी.बी.एस. नंतर सरकारी बाँडचं एक वर्ष तिला मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळालं. बाँड मोडायचा तर दंड भरावा लागे. तिच्या बरोबरीच्या काहींनी पैसे भरून सुटका करून घेतली, ती गेली. आनंदानं गेली. आठव्या महिन्यात तिच्यासमोर एक बाई आली, बाळंतीण, रक्तस्राव थांबेना. भाची तिथं हजर होती. क्वार्टरला कुलूप नव्हतं. पण रक्त नव्हतं, त्या दिवशी सिस्टर रजेवर होती, ॲम्ब्युलन्स दुसऱ्या केसला गेलेली होती. शस्त्रक्रियेचा विचार करायचा तर भूलतज्ज्ञ ऐंशी किलोमीटरवर. बाई वाचली नाही. नातेवाइकांनी खिडक्या फोडल्या आणि भाचीला रात्रभर औषधांच्या खोलीत कडी लावून बसावं लागलं.

सोलापूरला आल्यावर ती मला म्हणाली, “मामा, बाबांच्या वेळी डॉक्टर नव्हता. माझ्या वेळी डॉक्टर होता. फरक काय पडला?”

मी उत्तर देऊ शकलो नाही. ती पुढं भूलशास्त्र शिकली. तिच्या मनात ते ऐंशी किलोमीटर होते. आज पुण्यात काम करते. मी तिला दोष देत नाही. कुंभारालाही माती लागते.

तेव्हापासून मी चार अभावांचा विचार नव्यानं करायला लागलो. शास्त्रात चार सांगितले आहेत. वस्तू निर्माण होण्याआधीचा तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण अंत आहे. घडा घडला की तो संपतो. वस्तू नष्ट झाल्यावरचा प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, अंत नाही. एखाद्या जागी कधीच नसणं, तो अत्यंताभाव. आणि एक गोष्ट म्हणजे दुसरी गोष्ट नव्हे, तो अन्योन्याभाव.

आपण राज्यकर्त्यांपासून पालकांपर्यंत सगळे डॉक्टरांच्या प्रश्नाला प्रागभाव समजतो. डॉक्टर अजून घडलेले नाहीत, घडवले की प्रश्न मिटेल. म्हणून महाविद्यालयं वाढवली. 2014 च्या आधी देशात एम.बी.बी.एस.च्या 51,348 जागा होत्या, दहा वर्षांत त्या 1,12,112 झाल्या. हे आवश्यक होतं. पण त्याच काळातला दुसरा आकडा बघा. ग्रामीण आरोग्याच्या 2021-22 च्या सरकारी अहवालात ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत शल्यचिकित्सक 83.2 टक्के कमी होते, बालरोगतज्ज्ञ 81.6 टक्के आणि स्त्रीरोगतज्ज्ञ 74.2 टक्के कमी. चौकात घडे वाढत गेले आणि त्या जमिनीवर घडा नाही तो नाहीच. हा प्रागभाव असता, तर घडा घडल्यावर संपला असता. ज्या अभावाला आरंभ आठवत नाही आणि अंत दिसत नाही, त्याला शास्त्र अत्यंताभाव म्हणतं. गावच्या लोकांनी तो स्वभाव म्हणून स्वीकारला आहे. वाऱ्याला रंग नसतो, तसा आमच्या गावात डॉक्टर नसतो.

पण खरोखर तो अत्यंताभाव नाही, हे महाराष्ट्रानंच दाखवलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथं विंचवानं माणसं मरत होती आणि त्यावर उपाय माहीत नव्हता. ते रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब, श्वास लिहून ठेवत गेले आणि त्यातून प्राझोसिन या गोळीचा उपयोग सापडला. गंभीर विंचूदंशात पूर्वी शंभरातले चाळीसपर्यंत दगावायचे, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. हे ज्ञान मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत मिळालं नसतं, कारण विंचू चावलेला माणूस तिथवर पोचतच नव्हता.

आणि अन्योन्याभाव? डॉक्टर म्हणजे उपचार नव्हे. ही दोन नावं आपण एक करून टाकली, ही माझ्या मते सगळ्यात खोल चूक. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावच्या बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, बाळंतपण, जुलाब, लसीकरण शिकवलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी आरोग्यदूत बायांना नवजात बाळाचं वजन करायला, न्यूमोनिया ओळखायला, इंजेक्शन द्यायला शिकवलं. 1999 मध्ये त्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला, तेव्हा नवजात बालमृत्यू तिसऱ्या वर्षात 62 टक्क्यांनी घटले होते. तिथं डॉक्टरांची संख्या वाढलेली नव्हती. डॉक्टर जे आपलं समजून कुलपात ठेवतो, ते ज्ञान वाटलं गेलं होतं. चरकाचा तिसरा पाय, सेवा करणारा, इतका भक्कम केला की पहिल्या पायावरचा भार हलका झाला. मी त्या रडणाऱ्या सिस्टरचा विचार करतो. तिला हात होते, माया होती, फ्रीजची किल्ली होती. तिला शिकवून अधिकार दिला असता तर? आपल्या देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58,000 माणसं मरतात असा अंदाज आहे. त्यातली किती भरलेल्या फ्रीजपाशी उभी राहून मरत असतील?

एवढं सगळं व्यवस्थेचं झालं. तरी एक प्रश्न उरतो आणि तो धर्माचा आहे: एकट्या डॉक्टरनं काय करावं?

आमच्या सोलापूरनं याचं एक उत्तर दिलेलं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथले, जन्म 10 ऑक्टोबर 1910. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. 1938 मध्ये काँग्रेसनं जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते गेले. बाकीचे चौघं परतले, ते राहिले, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. मला लहानपणापासून एक शंका होती. ज्या देशात सहा हजारांवर माणसांमागे एक डॉक्टर, त्या देशानं आपले पाच परक्याला का द्यावेत? आता वाटतं, कोटणिसांनी प्रमाण मोजलं नाही, जागा पाहिली. जखमी माणूस होता आणि त्याच्याजवळ कुणी नव्हतं. हा अभाव आपला की परका, हे त्यांनी विचारलं नाही.

पण सगळ्यांनी कोटणीस व्हावं असं म्हणणं सोपं आहे आणि माझ्या भाचीवर ते अन्याय करतं. म्हणून मी सिद्धरामेश्वरांकडे वळतो. बाराव्या शतकात त्यांनी या गावात तळं खोदवलं, ज्याच्या काठी आजही आपण संध्याकाळी बसतो. त्यांच्यासारख्या शरणसंतांची शिकवण दोन शब्दांत आहे, कायक आणि दासोह. कायक म्हणजे आपलं काम हीच पूजा. दासोह म्हणजे त्या कामाचं फळ समाजाला परत देणं. तळं नदीकाठी खोदत नाहीत, पाणी नाही तिथं खोदतात. आणि एकट्यानं खोदत नाहीत. सिद्धरामेश्वरांबरोबर कुदळी उचलणारी माणसं होती. डॉक्टरचं कायक कोरड्या जागी व्हावं ही अपेक्षा रास्त आहे. पण त्याच्याबरोबर चार कुदळी उभ्या करणं, औषध, सिस्टर, रक्त, रस्ता, आणि रात्री खिडकी न फोडणारे गावकरी, हा आपला, बाकी सगळ्यांचा दासोह आहे. भाची हरली तेव्हा तिच्या मागं कुणी नव्हतं. त्या गावानं, सरकारनं आणि मी, तिच्या मामानं, तिला एकटीला तळं खोदायला पाठवलं होतं.

मीमांसक म्हणतात, अभाव कळायला अनुपलब्धी हे वेगळंच प्रमाण लागतं: ‘असता तर दिसला असता’ अशा ठिकाणी जाऊन पाहिलं आणि दिसला नाही, तरच नसणं सिद्ध होतं. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. याचा साधा अर्थ असा, की अभाव बघायला त्या जागी जावं लागतं. दिल्लीतून तो दिसत नाही आणि सात रस्त्यावरूनही दिसत नाही. इथं दिसतात त्या पाट्या.

2014 मध्ये 108 ची ॲम्ब्युलन्स आली, तिच्यात डॉक्टर असतो. कित्येक उपकेंद्रांत आता समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. बरं वाटतं. पण एस.टी. थांबतेच, भाकरीची पिशवी उतरतेच. म्हणून गेली काही वर्षं मी एक सवय लावून घेतली आहे. कुणी पत्ता विचारला की मी आधी विचारतो, “कुठून आलाव?” आणि ते गाव काउंटरखालच्या वहीत लिहितो. पुढं कशासाठी आले तेही लिहितो: रक्तदाब, ताप, पोराचं डोस, साखर. जे काम गावातच व्हायला हवं होतं, त्याच्यापुढं लाल खूण करतो. वर्षाअखेरीस ती पानं झेरॉक्स करून जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात देऊन येतो. कुणी वाचतं की नाही, ते मला ठाऊक नाही. मी देत राहणार आहे.

वहीत डॉक्टरांची नावं नाहीत. ओळींनी गावंच आहेत. पहिल्या पानावर पहिलं नाव अक्काच्या गावाचं आहे. त्याच्यापुढं तारीख 1996 ची आहे, आणि खूण वडिलांच्या पेनानं केलेली, लाल.